राहिलेल्या चाकाची हवा

इवाईबुवा, आधी सांगून टाकतो, मी तुमच्यावर रागावलेलो आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण आपल्या दोघांत 'म्हणतात ते' पाळायचं काम माझ्याकडे होतं आणि मोडायचं तुमच्याकडे. आता तुम्ही नाही, तर तेही काम माझ्याच गळ्यात आलं. एक चाक राहिलं होतं हो. तीन चाकांच्या ब्रेकची हवा काढून झाली होती, चौथं तेवढं बाकी. "हे पुढच्या आयतवारी, वकीलसाहेब," म्हणालात, जुन्या बनियनला हात पुसलेत, आणि पुढचा आयतवार यायच्या आत झोपेतच निघून गेलात. असं कुणी करतं का?

अकोल्याला लोक भेटायला येऊन जातात. 'व्याही गेले' म्हटलं की माणसं मान हलवतात आणि दोन मिनिटांत तुरीच्या भावावर घसरतात. त्यांचंही चुकत नाही. व्याही म्हणजे लग्नात गळाभेट घ्यायची आणि मग एकदम बारशाला भेटायचं. माझी मुक्ता तुमच्या निखिलला दिलेली; मी अकोल्याच्या कोर्टातला वकील, तुम्ही अमरावतीच्या पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले वर्कशॉपचे सर. एवढ्या भांडवलावर आपलं जमायचं काही कारण नव्हतं. पण मधे माझ्या बाबांची जुनी अँबेसेडर उभी होती. तिच्यामुळं जमलं.

पाठवणीला मुक्ता त्याच गाडीत बसली. तुम्ही नवरदेवाचे वडील, तुम्ही मागं रेलून बसायचं, तर तुम्ही ड्रायव्हरला खाली उतरवलंत. "मले चालवू द्या जी, लहानपनापासून मनात हाये." मी कोण नाही म्हणणार, पोरीचा बाप! संध्याकाळी तुमचा फोन आला. वाटलं, मानपानात काय कमी पडलं ते आता ऐकावं लागणार. तुम्ही म्हणालात, "पोरगी पोचली, हसून राहिली. गाडी बी पोचली. पन वकीलसाहेब, तुमची गाडी ब्रेक दाबला का डावीकडं पळते. मूर्तिजापूरच्या पुढं समोरचा ट्रक थांबला, मी दाबला ब्रेक, तं हे बाई निंगाली वावरात. माह्या सुनेले मी आता या गाडीत बसू देत नाही. गाडी इथंच ठेवतो. तुमी येत जा आयतवारी."

"अहो, पण गाडी माझी आहे," मी म्हणालो.

"गाडी तुमची, सून माही," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

तिथून आपली केस उभी राहिली. माझं म्हणणं साधं होतं. बाबांनी गाडी जशी चालवली तशीच राहू द्या, फार तर ब्रेकचे लायनर बदला आणि मला परत द्या. तुम्ही पुढची दोन्ही चाकं काढलीत आणि मला तुमच्या अंगणात पोत्यावर बसवून सगळं उघडून दाखवलंत. चारही चाकांना जुने ड्रम. पुढचे शॉकअप म्हणजे लोखंडी डबा आणि त्याला एक हात, आत तेल असायला हवं आणि ते कधीच गळून गेलेलं. रबराचे बुश तर बोट लावलं की भुसा. "याइले शॉकअप म्हनते काय कोनी? हे शोभेचे हायेत. तुमच्या बाबाच्या टायमाले समोर बैलगाडी राहे. आता चारपदरी रोड झाला, पुढचा माणूस खटकन थांबते. त्याले सांगसान काय, थांब भाऊ जरासा, माह्या बापाची गाडी हाये?" तुमचा बेत मोठा होता. याच गाडीच्या शेवटच्या मॉडेलमधल्या डिस्क पुढं बसवायच्या, लांब नळीचे नवे शॉकअप टाकायचे, ब्रेकला बूस्टर द्यायचा. मी भडकलो. म्हणालो, बाबांच्या गाडीची हाडं मी बदलू देणार नाही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हाडं कोन बदलते? चपला बदलून राहिलो."

डिस्क शोधायला तुम्ही अकोल्याला आलात तो दिवस आठवतो? भंगार बाजारात रज्जाकभाईंकडं एक शेवटच्या मॉडेलची गाडी आडवी पडली होती. तुम्ही डिस्कवरून अंगठ्याचं नख फिरवत होतात, नख अडलं की मान हलवत होतात, आणि मी प्रत्येक डिस्कला हरकत घेत होतो. रज्जाकभाई शेवटी कंटाळले. म्हणाले, "वकीलसाब, लोगां के समधी शादी में झगडते, दहेज पे झगडते. तुम दोनों शादी के बाद भंगार में आके झगड रहे. पहले तय करो, गाडी चलानी है के पूजनी है?" तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढं दर वादात तेच माझ्या तोंडावर फेकायचात. पूजनी है के चलानी है! हरलो असं मात्र मी आजतागायत कबूल केलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी तुम्ही आमच्याकडं जेवलात. मालतीनं केलेलं पिठलं-भाकर आणि ठेचा. आमच्या सौभाग्यवतीला समोरचा माणूस नाही म्हणेपर्यंत वाढायची सवय, आणि तुम्हाला नाही म्हणायची सवय नाही. तिचं पिठलं संपलं तेव्हा थांबलात. हात धुताना म्हणालात, "पाहा, मी पोरीच्या माहेरी जेवलो. आता तुमची पाळी."

आणि इथं आपली खरी भानगड सुरू झाली.

आमच्याकडची रीत तुम्हाला लग्नाआधीच सांगितली होती. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझे बाबा माझ्या बहिणीकडं बार्शीटाकळीला याच गाडीनं जायचे, सोबत पाण्याची सुरई आणि फडक्यात बांधलेली भाकर. ताईला मुलगा झाला त्या दिवशी त्यांनी तिच्या घरचं पाणी प्यायलं आणि गटागटा दोन तांबे संपवले. मी ते पाहिलेलं आहे. त्या पाण्यात काय होतं ते तुम्हाला कळायचं नाही, असं मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल. तुम्ही म्हणायचात, "तहान होती, दुसरं काय."

मग दर आयतवारचं ठरलेलं. मी सकाळच्या एसटीनं डबा आणि पाण्याची बाटली घेऊन अमरावतीला हजर. दिवसभर तुमच्या अंगणात नटबोल्ट, ग्रीस, रॉकेल. जेवायची वेळ झाली की विहीणबाई दारात येऊन उभ्या राहायच्या, काही न बोलता, आणि मी डबा घेऊन गाडीत जाऊन बसायचो. गाडी माझ्या नावावर, कागदावर पत्ता अकोल्याचा, म्हणजे गाडीत बसलो की मी अकोल्यात. तुमच्या घरी नाही. हा मुद्दा मी मांडला तेव्हा तुम्ही हसून हसून फेंडरवर हात आपटला होतात. आणि मग घरातलं गरम जेवण सोडून तुम्ही येऊन शेजारच्या सीटवर बसायचात आणि माझ्याच डब्यातली भाकर मोडायचात. "अकोल्याची हवा चांगली हाये बुवा," म्हणायचात. चाकं नसलेली गाडी, खाली लाकडाचे ठोकळे, आणि आत आपण दोघं ठेचा खात बसलेलो. शेजारचे लोक पाहून जायचे. मला आता तुमच्या त्या सीटकडं पाहवत नाही.

एकदा मात्र तुम्ही हसत नव्हतात. डावीकडचा टॉर्शन बार, म्हणजे गाडीचं वजन पेलणारी ती लांब सळई, सैल पडली होती. ती बसवता बसवता तुम्ही खालूनच बोललात. "वकीलसाहेब, एक इचारू? समजा नाहीच झालं लेकरू, तं? जन्मभर बाटली घेऊनच येसान काय?"

मी म्हणालो, तो विषय त्या दोघांचा आहे, आपला नाही.

"म्हनूनच तं म्हनून राहिलो. त्याइचा विषय हाये, अन् तुमची बाटली दर आयतवारी थोच विषय घेऊन माह्या दारात उभी राहते. पोट्टी पाहते ना खिडकीतून. तुमाले दिसत नाही, तुमची पाठ असते तिकडं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तुम्हाला वाटेल ते बोललो. माझ्या बाबांच्या रीतीवर बोलायचा तुम्हाला अधिकार नाही म्हणालो, व्याही आहात तर व्याह्यासारखे राहा म्हणालो, डबा न उघडताच उचलला आणि एसटी स्टँडवर आलो. तुम्ही गाडीखालून बाहेर आला नाहीत. अर्ध्या वाटेत माझा राग उतरला, पण एसटी कोण उलटी वळवणार?

पुढच्या आयतवारी मी येईन की नाही अशी तुम्हाला शंका होती, हे विहीणबाईंनी परवा सांगितलं. सकाळपासून फाटकाशी उभे होतात म्हणे. मला पाहिल्यावर मात्र जसं काही झालंच नाही असं दाखवलंत. पाना हातात दिलात आणि म्हणालात, "लेकराचं जाऊ द्या. थे देवाच्या हाती. आपन गाडीवर लावू. ज्या दिवशी तुमची गाडी हात सोडून ब्रेक दाबल्यावर सरळ थांबन, ना डावी ना उजवी, त्या दिवशी तुमी माह्या घरी जेवसान. मी सोता रोडगे भाजीन, वांग्याची भाजी करीन. मंजूर?"

मी विचार केल्यासारखा चेहरा केला. वकिलानं लगेच हो म्हणू नये. मग म्हणालो, मंजूर.

इवाईबुवा, त्या वेळी मला वाटलं, तुम्ही पैज लावताय. आता कळतं, तुम्ही काय केलंत. माझ्या पोरीच्या अंगावर जी अट टांगलेली होती, ती तुम्ही काढून गाडीवर टाकलीत. तिचा विषय न काढता, मला कमीपणा येऊ न देता. त्या दिवसापासून मुक्ता खिडकी सोडून अंगणात यायला लागली. "बाबा, झालं का? सरळ थांबते का?" विचारायची. मी तुम्हाला एकदाही आभाराचा शब्द बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, "बसा जी, पाना धरा."

जेवायची घाई मला होती आणि काम मात्र तुमचं मुंगीच्या पावलानं. बुश दाबून बसवलेत, पसंत पडले नाहीत, काढून परत बसवलेत. मी ओरडायचो, इवाईबुवा, तारखा पडताहेत नुसत्या, निकाल कधी? काढलेले बाबांचे शॉकअप तुम्ही रॉकेलनं धुऊन, ग्रीस लावून, तरटात गुंडाळून माझ्या हवाली केलेत. "तुमच्या बाबाची अमानत. उद्या पूजा कराची झाली तं सोय." टोमणा होता, पण तरटाच्या टोकाला तुम्ही सुतळीची गाठ कशी नीट मारली होती! ते बोचकं माझ्या अशिलांच्या खुर्चीमागं ठेवलेलं आहे.

शेवटी डिस्क बसल्या, नळ्या जोडल्या, आणि ब्रेकची हवा काढायची वेळ आली. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं पडून निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, जरासं उघडायचं. तेलासोबत आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते; ती आत राहिली तर ब्रेक लागतच नाही. निपल बंद होईपर्यंत वरच्यानं पाय हलवायचा नाही, नाहीतर हवा परत आत. तुम्ही सलाइनची नळी निपलला लावली होती आणि तिचं दुसरं टोक लोणच्याच्या बरणीत. सगळं बरोबर. आणि मी पॅडलवर पाय ठेवला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की माझा पाय वर आहे आणि पोरीचा सासरा खाली.

मांडवात ज्या घरच्यांचे पाय धुतले, त्यांच्या डोक्यावर मी पाय दाबू? मी आधी चपला काढल्या. मग मनातल्या मनात नमस्कार केला. आणि मग पाय असा ठेवला की पॅडलला कळू नये.

"दाबा!" खालून आवाज.

"दाबलं."

"काय दाबलं? मंग बुडबुडा काहून नाही निंगून राहिला? जोरानं दाबा ना!"

"जोरानंच आहे, इवाईबुवा."

"पोरीचा बाप झाले म्हनून पाय बी हलका झाला काय तुमचा? अहो, मधात गाडीचा पत्रा हाये! पत्र्यावर पाय ठेवून राहिले तुमी, माह्या टकुऱ्यावर नाही!"

पण नाही जमलं. चारही चाकं मी अशीच अदबीनं दाबली. तुम्हाला वाटलं हवा निघाली, मला वाटलं मान राखला. आणि गाडी घेऊन आपण वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर गेलो, तुम्ही ब्रेक दाबलात, तर पॅडल सरळ तळाला! तुम्ही हँडब्रेक ओढलात, गाडी फिरली आणि शेताच्या कडेला तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा ढीग रचला होता त्यात जाऊन घुसली. काचेवर तुराट्या, बॉनेटवर तुराट्या. तुम्ही दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच ठेवून म्हणालात, "पाहा वकीलसाहेब. मान राखला, अन् जीव चालला होता." आणि मग आपण दोघं असे हसलो की ज्याच्या तुराट्या तो शेतकरी धावत आला तो आधी घाबरूनच थांबला.

त्यानंतर मात्र मी पाय जड केला. परत पहिल्यापासून. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी, हा तुमचा क्रम. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं. दाबा. धरा. सोडा. तुमचा आवाज खालून, माझा पाय वरून. शेवटचं राहिलं पुढचं उजवं, ड्रायव्हरच्या पायाशी. ऊन अजून अंगणात होतं. मी म्हणालो, हेही करून टाकू, तासाभराचं काम, आणि मग रोडग्यांचं बघा. तुम्ही बरणी उचललीत, डबा हलवलात. "ब्रेक ऑइल संपलं जी. पुढच्या आयतवारी."

बस्स. एवढंच.

बातमी आली तेव्हा मी कोर्टात उभा होतो. मालती आणि मी पोचलो. त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटली नव्हती. मालतीनं पिठलं-भाकर नेली होती. मातीनंतरचा पहिला, कडू घास आमच्याच घरचा गेला. तुमच्या मोठ्या भाऊंनी मला सांगितलं, "वकीलसाहेब, तेरवीले तं जेवा लागन. आता रीतभात नाही चालत." मी मान हलवली. आणि परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. तुमच्या घरचा माझा पहिला घास तेरवीचा? वर्षानुवर्षं ज्या ताटाला मी नाही म्हटलं, ते पहिल्यांदा मांडून घ्यायचं ते तुम्ही गेलात म्हणून? नाही. मेलो तरी नाही. आपला करार गाडीवर होता. गाडी सरळ थांबली पाहिजे, तेरवीच्या आधी.

म्हणून आयतवारी नेहमीच्या एसटीनं गेलो. डबा नेला नाही. बाटली मात्र सवयीनं भरली आणि स्टँडवर गेल्यावर हातात दिसली.

निखिल अस्थी घेऊन गेलेला. दुपारचं घर सुनं. गाडी होती तिथंच, पुढचं उजवं चाक काढलेलं, बरणी झाकून ठेवलेली, पोतं अंथरलेलं. त्या पोत्यावर तुमच्या पाठीचा खळगा होता की मला वाटला, देव जाणे. मी मुक्ताला म्हटलं, ब्रेक ऑइल कुठं मिळेल जवळपास? तिनं पडवीतल्या फळीकडं बोट दाखवलं. फळीवर, समोरच, सील न तोडलेला भरलेला डबा.

"हा कधी आणला?"

विहीणबाई दारात येऊन उभ्या होत्या, नेहमीसारख्या. पण या खेपेला बोलल्या. "थो तं दसऱ्यापासून तिथंच हाये. त्याइले मालूम होतं." थोडं थांबून म्हणाल्या, "गाडी झाली असती तं तुमी अकोल्याले घेऊन गेले असते ना, भाऊ. मंग आयतवारी कोन येते?"

मी तो डबा हातात घेऊन पडवीच्या पायरीवर बसलो. इतक्या दिवसांत डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते तिथं आलं. लबाड माणसा! एक आयतवार चोरलात माझ्याकडून, आणि तोसुद्धा वापरला नाहीत. मला सांगितलं असतंत तर गाडी तयार करूनही तिथंच ठेवली असती. दर आयतवारी नुसती पुसायला आलो असतो. तुम्हाला काय वाटलं, मी गाडीसाठी येत होतो?

मग उठलो. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि त्या पोत्यावर आडवा झालो. मुक्ता म्हणाली, मी बसते आत. तर विहीणबाईंनी तिला हात धरून बाजूला केलं. "मी बसतो. इतके आयतवार सैपाकघरातून आयकू आयकू पाठ झालं मले. तुमी निस्तं म्हना."

मांडवात मालतीनं ज्या पायांवर पाणी घातलं, ते पाय वर पॅडलवर, आणि पोरीचा बाप खाली मातीत. मानपानाच्या हिशेबानं एकदम बरोबर! हे आपल्याला आधी का सुचलं नाही, इवाईबुवा?

मी म्हटलं, "दाबा."

काय सांगू! असं दाबलं त्या माउलीनं, की नळीतून बुडबुड्यांची माळच सुटली. "धरा," म्हटलं, धरलं. "सोडा," म्हणायच्या आधी त्या स्वतःच विचारायच्या, "निपल बंद केलं ना?" तुमचं प्रत्येक वाक्य त्यांना येत होतं, तुमच्या हेलासकट. एकदा तर त्यांनी वरून हटकलं, "झोपले काय जी खाली?" मी निपल परत जरासं उघडलं. पुढचे बुडबुडे मोठे, मग बारीक, मग नुसतं तेल. मी चाक चढवलं, नट आवळले.

रस्त्यावर मुक्ता शेजारी बसली. तुराट्यांचा तो ढीग आता नाही. मी गाडी वेगात नेली, ब्रेक दाबला आणि दोन्ही हात वर उचलले. पुढचा भाग जरासा खाली वाकला, नवे शॉकअप दबून वर आले आणि गाडी थांबली. सरळ. ना डावी ना उजवी. मुक्तानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. "बाबा, सरळ," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मी परत एकदा केलं, तुम्ही पहिल्यावर विश्वास ठेवला नसतात म्हणून. परत सरळ.

अंगणात येऊन मी विहीणबाईंना म्हटलं, "मला वाढा."

त्या घाबरल्याच. "आज? भाऊ, सुतकाचं घर हाये. बिनफोडनीचं वरन हाये निस्तं. अशा घरचं पयलं जेवान काहून करता?"

"करार आहे," मी म्हटलं. "गाडी सरळ थांबली." त्यांना करार माहीत होता. पदर तोंडाशी धरून त्या आत वळल्या. लेकीच्या घरी जेवायचं नाही ही एक रीत आणि सुतक असलेल्या घरी खायचं नाही ही दुसरी. मोडायच्याच तर दोन्ही एकदम मोडाव्यात, तारीख वाया जात नाही. बाबांची रीत चूक होती असं मी अजूनही म्हणत नाही, ऐकताय ना? मी फक्त करार पाळला.

मुक्ता भाकरी घेऊन दारात आली आणि सवयीनं तिनं गाडीकडं पाहिलं. "बाबा, ताट गाडीतच आणू?"

"नाही," म्हटलं. "घरात वाढ."

आतल्या खोलीत मी पहिल्यांदाच बसलो. भिंतीशी तुमचा पाट होता, त्याच्या शेजारी माझा मांडला. ज्वारीची भाकर, अळणीसारखं वरण, मीठ. मुक्तानं तांब्या ठेवला आणि ती हललीच नाही तिथून. मी ग्लास उचलला तेव्हा पोरीनं श्वास धरला होता. पाणी साधंच होतं, तुमच्या बोअरचं, जरा मचूळ. दोन तांबे संपवले. तहान होती हो, दुसरं काय. पण रोडगे तुमच्याकडं राहिले, इवाईबुवा, आणि शेजारचा पाट रिकामा होता. जेवण झालं ते असं.

गाडी अजून अमरावतीतच आहे. विहीणबाई म्हणाल्या, घेऊन जा आता. मी म्हटलं, मागचे शॉकअप पाहावे लागतील, एकदोन आयतवार लागतील. त्या 'हो' म्हणाल्या.

आज तुमची तेरवी झाली. लांबच लांब पंगत, बुंदी, वडे, कढी. वाढणारे तुमचे मोठे भाऊ माझ्यापाशी आले, थांबले, आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वकीलसाहेब, आज पयल्यांदा आमच्या घरी जेवून राहिले तुमी."

"नाही भाऊ," मी म्हटलं. "दुसऱ्यांदा."